स्नानयोग्य पाणी : यवतमाळच्या नद्या, कोकणचे किनारे आणि मोजमापाचा प्रश्न

पाणी चांगले की वाईट, हे पाण्याकडे नुसते पाहून किंवा त्याचे एकदाच पृथक्करण करून कायमचे ठरवता येत नाही. ते कोणत्या कामासाठी वापरायचे आहे, यावर त्याची योग्यता ठरते. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी जामणी या भागांतील अनेक विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची स्वीकारार्ह आणि १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्यापलीकडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले गेल्यास दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे ताठरतात. मात्र त्याच पाण्याने अंघोळ केली तर हा विकार जडत नाही, कारण फ्लोराइड धडधाकट त्वचेतून शरीरात जवळजवळ शिरतच नाही. याच्या अगदी उलट, फ्लोराइडचा दोष नसलेला, तळ दिसेल इतका नितळ डोहही पोहणाऱ्याला आजारी पाडू शकतो, कारण वरच्या अंगाच्या वस्तीचे सांडपाणी त्यात मिसळले असेल तर त्यातले रोगजंतू डोळ्याला दिसत नाहीत. पिण्याचे पाणी आणि स्नानाचे पाणी यांच्या कसोट्या वेगळ्या का असाव्या लागतात, याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे.

माणूस मनोरंजनासाठी, पर्यटनासाठी किंवा धार्मिक श्रद्धेने ज्या नैसर्गिक पाण्यात शरीराने उतरतो, त्या पाण्याचे आरोग्याच्या दृष्टीने मूल्यमापन कसे करावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. या विषयाचे जागतिक शास्त्र मुख्यतः समुद्रकिनाऱ्यांवर आणि मोठ्या सरोवरांच्या काठी घडले, कारण पाश्चात्त्य देशांत हवापालटासाठी लोक तेथेच जात असत. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोहोंपासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्याने या शास्त्राकडे का वळावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, पाण्यात उतरणाऱ्या माणसाचे शरीर समुद्रात आणि नदीत सारखेच असते. बदलते ते पाणी, त्यात येणारी घाण आणि ती घाण विरळ होण्याची किंवा निर्जीव होण्याची गती. समुद्रकिनाऱ्यासाठी तयार झालेली पद्धत नदीला जशीच्या तशी लावता येत नाही. तथापि ती पद्धत ज्या प्रश्नांतून निर्माण झाली ते प्रश्न पैनगंगेच्या घाटावरही तितकेच खरे आहेत, आणि ते तेथे फारसे विचारले गेलेले नाहीत.

जिल्ह्याची भौगोलिक मांडणीच त्याला नद्यांच्या स्वाधीन करणारी आहे. उत्तर आणि पूर्व बाजूला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा अशा दोन मोठ्या नद्यांनी जिल्ह्याची सीमा आखली असून, बेंबळा आणि निर्गुडा वर्धेला, तर पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी आणि खुनी या नद्या पैनगंगेला जाऊन मिळतात. वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धेत विलीन होते आणि ते पाणी पुढे प्राणहिता व गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला पोहोचते. उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्हा यांच्या सीमेवर पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळते, तो सहस्रकुंडाचा धबधबा विदर्भ आणि मराठवाडा या दोन्ही प्रदेशांतील पर्यटकांचे आकर्षण आहे. पैनगंगेच्या काठचे कापेश्वराचे आणि नदीपलीकडील नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वराचे उष्ण झरे त्वचारोगावर गुणकारी समजले जातात व त्या श्रद्धेने तेथे स्नान केले जाते. महाशिवरात्र, संक्रांत, कार्तिकी पौर्णिमा अशा पर्वांना नदीकाठच्या देवस्थानांत होणारी स्नाने, पोळ्याच्या निमित्ताने बैलांना नदीत धुणे, उन्हाळ्यात डोहात आणि बंधाऱ्यांच्या साठ्यात मुलांचे पोहणे, घाटावरचे रोजचे धुणे या सर्वांचा विचार केला, तर समुद्र नसलेल्या या जिल्ह्यातही पाण्याशी शरीराचा संबंध येणाऱ्यांची संख्या एखाद्या पर्यटनस्थळापेक्षा कमी ठरणार नाही.

पाण्यात उतरलेल्या माणसाला अपाय कोणकोणत्या मार्गांनी होतो, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे नकळत पोटात जाणारे पाणी. ते किती असते, हे अल्फ्रेड ड्यूफोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कल्पकतेने मोजले. तरणतलावात क्लोरीन टिकवण्यासाठी वापरले जाणारे सायन्युरिक आम्ल पोटात गेल्यावर न बदलता लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून पोहणाऱ्यांच्या लघवीतील त्याचे प्रमाण मोजून त्यांनी किती पाणी गिळले याचा हिशेब मांडता आला. सुमारे पाऊण तास पोहताना प्रौढ माणूस सरासरी १६ मिलिलिटर आणि मूल सरासरी ३७ मिलिलिटर पाणी गिळते, असे त्यातून दिसून आले. मुले पाण्यात अधिक वेळ डुंबतात, डोके बुडवतात, आणि त्यांची प्रतिकारशक्तीही अपुरी असते. त्यामुळे स्नानयोग्यतेची कोणतीही कसोटी प्रौढाला नव्हे, मुलाला समोर ठेवून लावली पाहिजे, हा या आकड्यांचा सरळ निष्कर्ष आहे.

दुसरा मार्ग त्वचेचा. उंदीर, गुरे, डुकरे यांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरा जंतू पायावरच्या साध्या खरचटण्यातून किंवा भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात व लेप्टोस्पायरोसिस हा ताप निर्माण करतात. कोकणातील भातशेती आणि २००५ च्या मुंबईतील महापुरानंतरची साथ यांमुळे हा रोग महाराष्ट्राला परिचित आहे. त्वचेच्याच मार्गाचे याहून विलक्षण उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावाचे होय. लघवीतून रक्त जाणारे रुग्ण तेथे आढळल्यावर गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ मध्ये तेथील शिस्टोसोमियासिस या कृमिरोगाची नोंद केली; पाण्यातील एका लहान गोगलगायीच्या शरीरात वाढणारी या कृमीची अळी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरते, अशी त्या रोगाची साखळी आहे. भारतात मानवी शिस्टोसोमियासिसचे केंद्र म्हणून ज्याचे नाव वैद्यकीय ग्रंथांत घेतले जाते ते हे गाव महाराष्ट्रातलेच असावे आणि तरीही स्नानाच्या पाण्याचा विषय मराठीत दुर्लक्षित राहावा, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

तिसरा मार्ग नाक, कान आणि डोळे यांचा. कान फुटणे, डोळे येणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. परंतु कोमट गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर होणारा मेंदूदाह जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत आढळलेल्या अशा रुग्णांमुळे त्याची देशभर चर्चा झाली. हा रोग अत्यंत विरळ आहे, तो पाणी पिण्याने होत नाही आणि खाऱ्या समुद्रात हा जीव टिकत नाही. पण सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेत तो तग धरतो, म्हणून उष्ण झऱ्यांची कुंडे आणि उन्हाळ्यात आटलेले, तापलेले डोह यांच्या बाबतीत सागरकिनाऱ्याच्या नियमावलीवर विसंबून चालत नाही. अशा ठिकाणी डोके पाण्याखाली न नेणे, ही कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय पाळता येण्याजोगी खबरदारी आहे.

पाण्यामुळे स्नान करणाऱ्याला अपाय होतो, तसाच स्नान करणाऱ्यामुळे पाण्यालाही होतो, ही या विषयाची दुसरी बाजू. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या पायावरील फोडातून कृमीच्या अळ्या पाण्यात पडत, त्या पाण्यातील सूक्ष्म जलजीव गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने नवा नारू तयार होई. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी कापडाने गाळणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे एवढ्या साध्या उपायांनी हे साधले. पाण्याशी माणसाचा संबंध कोठे आणि कसा येतो, याचे निरीक्षण हेच त्या यशाचे मूळ होते; या विवेचनाचा रोखही त्याच निरीक्षणाकडे आहे.

पाण्यात असू शकणारे रोगजंतू शेकडो प्रकारचे असल्याने प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घेणे व्यवहारात शक्य नसते. म्हणून माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात नेहमी मोठ्या संख्येने राहणारे, सहज मोजता येणारे जीवाणू शोधून त्यांवरून विष्ठेचे मिश्रण किती झाले आहे याचा अंदाज बांधला जातो. अशा जीवाणूंना निर्देशक जीवाणू म्हणतात. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये वर्णिलेला आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेलेला एशेरिशिया कोलाय, तो ज्यात मोडतो तो विष्ठाजन्य कोलिफॉर्मांचा गट, आणि एन्टरोकोकाय म्हणजेच व्यवहारात विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकाय हे तीन निर्देशक आज प्रचलित आहेत. खारे पाणी आणि सूर्यप्रकाश यांत कोलिफॉर्म लवकर मरतात, एन्टरोकोकाय अधिक काळ टिकतात. त्यामुळे समुद्रासाठी एन्टरोकोकाय हा अधिक भरवशाचा निर्देशक मानला जातो, तर गोड्या पाण्यात एशेरिशिया कोलायही उपयुक्त ठरतो.

भारतात ही मोजणी बहुधा ‘एमपीएन’ या एककात सांगितली जाते, आणि तिचे स्वरूप समजून न घेता आकडा वाचला तर तो फसवा ठरतो. पाण्याचे वेगवेगळ्या प्रमाणांत विरळ केलेले अंश पोषक द्रव असलेल्या नळ्यांच्या संचांत घालून त्या उबवल्या जातात. किती नळ्यांत वायू तयार झाला यावरून १०० मिलिलिटर पाण्यात किती जीवाणू असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, हे संख्याशास्त्रीय कोष्टकातून काढले जाते. एमपीएन म्हणजे जीवाणूंची प्रत्यक्ष गणती नसून संभाव्य संख्येचा अंदाज आहे, आणि त्याची त्रुटीची कक्षा बरीच रुंद असते. शिवाय प्राथमिक चाचणी, मग विष्ठाजन्य गटासाठी ४४.५ अंश सेल्सिअसला निश्चितीची चाचणी अशा टप्प्यांमुळे उत्तर हाती येण्यास दोन ते चार दिवस लागतात. पर्वस्नानाच्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा निकाल येतो तेव्हा यात्रा उठलेली असते.

भारतीय मानकांत समुद्र आणि नदी यांना वेगळे निकष आहेत. किनारी जलासाठी १९९८ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांत उपयोगानुसार पाच वर्ग केले असून, स्नान, पाण्यातील खेळ आणि व्यापारी मासेमारी यांसाठीचा दुसरा वर्ग १०० मिलिलिटरला १०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म, ६.५ ते ८.५ सामू, लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन, कमाल ३ मिलिग्रॅम जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी आणि ३० एककांपर्यंत गढूळता अशा मर्यादा घालतो. यातील सामू म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप, आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन. नद्या-तलावांसाठी २००० च्या सप्टेंबरमध्ये अधिसूचित झालेल्या निकषांत ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम व बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम अपेक्षित असून, विष्ठाजन्य कोलिफॉर्मांची इष्ट मर्यादा ५०० आणि कमाल मर्यादा २,५००, तर विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकायची अनुक्रमे १०० आणि ५०० आहे. नदीच्या निकषांत गढूळतेचा उल्लेख नाही.

या दोन कोष्टकांची तुलना बोलकी आहे. समुद्रात पोहताना ३७ मिलिलिटर पाणी गिळणाऱ्या मुलाच्या पोटात समुद्राच्या मर्यादेइतकेच जीवाणू असलेल्या पाण्यातून सुमारे ३७ विष्ठाजन्य कोलिफॉर्म जातील. नदीच्या कमाल मर्यादेच्या पाण्यातून तेवढ्याच पोहण्यात ते नऊशेहून अधिक जातील. समुद्रात कोलिफॉर्म लवकर मरतात आणि काही विषाणू मागे उरतात, म्हणून तेथे मर्यादा कडक असण्याला शास्त्रीय आधार आहे. तरीही फरकाचा सर्व भार त्या कारणावर टाकता येत नाही. नद्यांची आजची अवस्था आणि त्यांत स्नान करण्याची अटळ परंपरा यांच्यातील तडजोड त्या आकड्यात दिसते, आणि ‘कमाल मर्यादेच्या आत’ या शब्दांचा अर्थ ‘निर्धोक’ असा लावणे योग्य नाही.

मर्यादा कोठे आखावी याचा पुरावा लोकांच्या आजारांतून गोळा करावा लागतो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९४०-५० च्या दशकाच्या अखेरीस मिशिगन सरोवर आणि ओहायो नदीच्या काठी पोहणाऱ्यांच्या आजारांच्या नोंदी घेतल्या. पुढे व्हिक्टर कॅबेली यांनी सागरी स्नान आणि पोटाचे विकार यांचा संबंध एन्टरोकोकायच्या संख्येशी जोडून दाखवला. आणि डेव्हिड के यांच्या गटाने ब्रिटनमधील चार किनाऱ्यांवर काही स्वयंसेवकांना पाण्यात उतरवून व काहींना काठावर ठेवून केलेल्या तुलनेचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. या पुराव्यावर उभ्या राहिलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि २०२१ मधील सुधारित आवृत्तीत सरासरीऐवजी ९५ वे शततमक, म्हणजे शंभरांपैकी पंच्याण्णव नमुने ज्याच्या आत राहतात तो आकडा, आधारभूत धरला जातो. १०० मिलिलिटरला ४० पर्यंत एन्टरोकोकाय असलेले पाणी सर्वांत वरच्या श्रेणीत आणि ५०० च्या वरचे सर्वांत खालच्या श्रेणीत येते. युरोपीय संघाचा २००६ चा निर्देशही वर्गीकरणासाठी किमान १६ नमुन्यांची आणि शततमकाची अट घालतो. चांगल्या दिवसांनी वाईट दिवस झाकले जाऊ नयेत, हा या पद्धतीचा हेतू आहे.

त्या हेतूचे महत्त्व २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्याने भारतीय वाचकांसमोर आणले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला फेब्रुवारीत सादर केलेल्या अहवालानुसार अनेक प्रसंगी विष्ठाजन्य कोलिफॉर्मांच्या बाबतीत पाणी स्नानाच्या निकषात बसत नव्हते. त्यानंतरच्या अहवालात वेगवेगळ्या तारखांच्या आणि ठिकाणांच्या आकड्यांतील मोठ्या तफावतीकडे बोट दाखवून, संख्याशास्त्रीय मध्यकाच्या आधारे पाणी स्नानयोग्य असल्याचे सांगण्यात आले. दोन्ही अहवाल एकाच मेळ्याचे होते. मध्यकाचा अर्थ इतकाच की निम्मे नमुने त्या आकड्याखाली होते. उरलेल्या निम्म्यांच्या वेळी आणि ठिकाणी पाण्यात असलेल्या भाविकाला मध्यक वाचवीत नाही. संपूर्ण नदीची प्रकृती सांगण्यासाठी सरासरी किंवा मध्यक उपयोगी पडतो, परंतु स्नान ही ठरावीक जागी, ठरावीक घटकेला घडणारी क्रिया असल्यामुळे तिच्यासाठी जागेचे आणि घटकेचे मोजमाप लागते. प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

कोकणकिनाऱ्याकडे या दृष्टीने पाहिले तर समुद्राच्या विशालतेवरचा भाबडा विश्वास कमी होतो. मुंबईत वरळी आणि वांद्रे येथून समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक आत नेलेल्या जलवाहिन्यांतून सांडपाणी सोडले जाते, ते किनाऱ्यावरील पाण्याशी त्याची गाठ पडण्याआधी विरळ व्हावे म्हणून. पण नाले आणि खाड्यांतून थेट येणाऱ्या मैलापाण्याला हा फायदा मिळत नाही, आणि गिरगाव किंवा जुहू चौपाटीवर स्नान करणाऱ्याचा संबंध या जवळच्या पाण्याशीच येतो. भरती-ओहोटी, खाडीचे मुख, किनाऱ्यावरील निवासव्यवस्थांची शौचकुंडे आणि पावसाळ्यात नाल्यांतून येणारा लोंढा यांप्रमाणे एकाच किनाऱ्याच्या दोन टोकांचे पाणी वेगळे असू शकते. फ्रान्समध्ये १९८५ साली सुरू झालेल्या ‘ब्लू फ्लॅग’ या मानांकनात स्नानजलाची नियमित तपासणी आणि तिचे निकाल किनाऱ्यावर जाहीर लावणे अनिवार्य आहे. २०२० मध्ये भारताच्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळाले, त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. निकाल जाहीर लावण्याची ही अट मानांकनाच्या झेंड्यापेक्षा मोलाची आहे, आणि ती पाळण्यासाठी समुद्र असावा लागत नाही.

यवतमाळच्या नद्यांचे वर्तन समुद्रापेक्षा अधिक टोकाचे आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने नदीची वर्षात दोन रूपे होतात. पहिल्या पुरात शेतांचा, उकिरड्यांचा आणि नाल्यांचा उन्हाळाभर साठलेला मळ एकदम पात्रात येतो. काळ्या मातीने पाणी इतके गढूळ होते की जंतूंना मारणारे सूर्यकिरण खोल जात नाहीत, आणि गाळाच्या कणांना चिकटलेले जीवाणू दूरवर वाहून जातात. सहस्रकुंडाचा प्रपात पाहण्यासारखा होतो तो नेमका याच दिवसांत, म्हणजे पर्यटनाचा हंगाम आणि पाण्याची सर्वांत वाईट अवस्था एकत्र येतात. याउलट फेब्रुवारीनंतर प्रवाह खंडित होऊन डोह आणि बंधाऱ्यांचे साठे तेवढे उरतात, घाण थोडी असली तरी ती विरळ करणारे पाणी नसते, आणि पुसद शहरातून वाहणारी पूस किंवा वणीजवळची निर्गुडा अशा नद्यांत शहरी सांडपाण्याचा वाटा मूळ प्रवाहाच्या तुलनेत वाढत जातो. धरणातून सिंचनासाठी पाणी सोडले की हे चित्र पुन्हा काही दिवस पालटते.

याशिवाय विष्ठाजन्य कोलिफॉर्मांची चाचणी ज्याविषयी मौन पाळते असे धोकेही येथे आहेत. कापसाच्या या जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कीटकनाशकांच्या हाताळणीचा प्रश्न राज्यभर गाजला. फवारणीचे पंप आणि डबे नाल्यावर धुतले जातात तेथे खालच्या अंगाला स्नान करणाऱ्यांचा विचार कोणत्याही स्नाननिकषात नाही. वणी परिसरात कोळसा खाणींतून उपसलेले पाणी, पोळ्याच्या काळात एकाच घाटावर माणसांचा आणि जनावरांचा वावर, साचलेल्या साठ्यांत उन्हाळ्यात वाढणारे विषारी नीलहरित शेवाळ यांचेही स्वरूप असेच आहे. म्हणून निकषांतील पाच-सहा आकडे अनुकूल आले की काम संपले, असे मानता येत नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आणि केंद्रीय मंडळ १९७४ पासून कार्यरत असून, राष्ट्रीय जलगुणवत्ता संनियंत्रणाखाली राज्यातील नद्यांचे नमुने नियमित घेतले जातात. त्या आधारे २०१८ मध्ये देशभरातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरवण्यात आले, त्यांतील ५३ महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होते. २०२२ च्या अहवालात देशाची संख्या ३११ पर्यंत उतरली, महाराष्ट्राची मात्र ५५ झाली. हे काम मोलाचे आहे, परंतु त्याचा हेतू नदीचे प्रदूषण जोखण्याचा आहे, स्नान करणाऱ्याला सल्ला देण्याचा नाही. तपासणीची केंद्रे शहरांचे, कारखान्यांचे आणि संगमांचे परिणाम कळावेत अशा बेताने निवडलेली असतात. घाट, डोह, कुंडे आणि धबधब्याचा पायथा यांची निवड करण्यासाठी वेगळी दृष्टी लागते.

ही दृष्टी स्नानजलाच्या तपासणीविषयीच्या १९९९ च्या अ‍ॅनापोलिस आराखड्यापासून जागतिक पातळीवर रूढ झाली. तिचा गाभा असा की, जीवाणूंच्या मोजणीआधी जागेची पाहणी करावी. घाटाच्या वरच्या अंगाला किती वस्त्या आहेत, कोणता नाला कोठे मिळतो, उघड्यावर शौचास बसण्याच्या जागा कोणत्या, गुरे कोठे उतरतात, यात्रेच्या दिवशी तात्पुरती शौचालये नदीपासून किती अंतरावर उभारली जातात, या प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आरोग्यसेवक आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी मिळून काढू शकतात. पाहणीने धोका जेथे दाखवला तेथे, कमरेइतक्या पाण्यात पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवरून, लोक प्रत्यक्ष उतरतात त्याच वेळी नमुने घ्यावेत, ते थंड ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावेत, आणि त्यांत पूर, पर्व, उन्हाळा व धरणातील विसर्ग या चारही अवस्था याव्यात. नागपूरची ‘नीरी’ ही राष्ट्रीय संस्था आणि विदर्भातील विद्यापीठे यांच्या साहाय्याने असे काम जिल्ह्याच्या आवाक्यात आहे.

निकालाला लागणाऱ्या विलंबावर उपाय म्हणजे पूर्वानुमान. हाँगकाँगमध्ये किनाऱ्यांची श्रेणी लागोपाठच्या अलीकडील पाच नमुन्यांच्या भूमितीय मध्यावरून ठरवून प्रसिद्ध केली जाते, आणि स्कॉटलंडमध्ये पावसाच्या आधारे त्या दिवसाचे भाकीत काही किनाऱ्यांवरील विद्युत फलकांवर दाखवले जाते. पाऊस आणि जीवाणू यांचा संबंध एखाद्या घाटापुरता दोन-तीन हंगामांत प्रस्थापित झाला, तर तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंदच इशाऱ्याचे काम करू शकते. मुसळधार पावसानंतर निदान दोन दिवस पाण्यात डोके बुडवू नये, पाणी तोंडात घेऊ नये, जखम असल्यास उतरू नये, लहान मुलांना काठावरच ठेवावे, एवढा मजकूर घाटावरच्या फलकावर साध्या मराठीत असला तरी प्रयोगशाळेच्या अहवालाचे मोल वाढते.

या विषयाच्या मांडणीला दोन आक्षेप घेतले जातात. एक म्हणजे, पिढ्यान्‌पिढ्या लोक नदीत स्नान करीत आले आणि त्यांना काही झाले नाही. दुसरा म्हणजे, अशा चर्चेने श्रद्धेला धक्का बसतो आणि धबधब्यावरच्या चहावाल्याचा, नारळवाल्याचा धंदा बुडतो. पहिल्या आक्षेपाबाबत असे म्हणता येईल की जुलाब, ताप, कानदुखी या तक्रारी घरी परतल्यावर सुरू होतात आणि त्यांचा संबंध स्नानाशी जोडणारी नोंदच प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवली जात नाही. नोंद नसणे हा अपाय नसल्याचा पुरावा होत नाही. शिवाय दूषित पाण्यात उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरोखरच काही होत नाही, आणि त्यामुळे सरसकट बंदीचे समर्थनही होऊ शकत नाही. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मोजमापातच आहे: कोणत्या घाटावर, कोणत्या महिन्यात, कोणासाठी धोका आहे हे ठाऊक असेल, तर उरलेल्या जागा आणि उरलेले दिवस निःशंकपणे खुले ठेवता येतात, माहिती नसेल तेव्हाच प्रशासनापुढे सर्व बंद करणे किंवा सर्वांकडे डोळेझाक करणे असे दोनच पर्याय उरतात.

स्नानजलाच्या मूल्यमापनाची सुरुवात करण्यासाठी यवतमाळला समुद्रकिनाऱ्याच्या जिल्ह्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. सहस्रकुंड, कापेश्वर आणि पर्वस्नानाचे मोजके घाट अशा थोड्या जागा निवडून, वर्षाच्या चारही अवस्थांत त्यांची पाहणी व तपासणी करून, तिचे निकाल तेथेच लोकांसमोर मांडण्याचा उपक्रम एखाद्या जिल्हा परिषदेच्या कार्यकक्षेत सहज बसतो. आणि तो काटेकोरपणे पार पडला, तर नदीच्या निकषांत गढूळता असावी की नाही, २,५०० ची कमाल मर्यादा कायम ठेवावी की नाही, या राष्ट्रीय प्रश्नांवरही जिल्ह्याला स्वतःच्या पुराव्यानिशी बोलता येईल.